स्कोअरशीटवर न दिसणारा खेळाडू कसा मोजायचा

हरणाऱ्या बास्केटबॉल संघात कुणीतरी गुण करतोच. संघ ९५ गुणांवर अडकला तरी ते ९५ कुणाच्या ना कुणाच्या नावावर चढतात, म्हणून पडत्या संघाच्या स्कोअरशीटवरून कोण मोलाचा हे ठरवायला गेलं की फसगत होते. खरा प्रश्न वेगळा आहे: हा माणूस बेंचवर बसला की संघाचं काय काय बंद पडतं? ते वही-पेन्सिल आणि रेकॉर्डिंग घेऊन कसं मोजायचं, ते इथे दिलं आहे. उदाहरणाला अमेरिकेच्या एनबीए लीगमधला गार्ड (बास्केटपासून लांब, चेंडूवाल्यासमोर खेळणारा) अ‍ॅलेक्स करुसो घेऊ, तोही शिकागो बुल्स संघात असतानाचा.

२०२२-२३ मध्ये बुल्स ४० जिंकले, ४२ हरले. पुढच्या वर्षी ३९-४३. त्या पहिल्या हंगामात करुसोची सरासरी फक्त ५.६ गुणांची होती आणि त्याच हंगामात तो एनबीएच्या ऑल-डिफेन्सिव्ह पहिल्या संघात, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम पाच बचावपटूंत, निवडला गेला. गुणांचा रकाना आणि ही निवड यांच्यातलं अंतर भरायला पुढची कामं करायची.

पाच सामने निवडा. दणदणीत विजय आणि तीस गुणांचे पराभव बाजूला ठेवा, कारण त्यांत शेवटची दहा-बारा मिनिटं राखीव खेळाडू खेळतात. दहाच्या आतल्या फरकाचे, शक्यतो हरलेले आणि तगड्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचे घ्या. शिकागोतला संध्याकाळी सातचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेसहाला सुरू होतो. थेट बघायला मजा येते, पण हे काम रेकॉर्डिंगवरच होतं. मागे-पुढे करावं लागतं.

पहिल्यांदा बघताना चेंडूकडे अजिबात बघू नका. नजर एका खेळाडूवर, त्यातही त्याच्या पायांवर ठेवा. सवय नसेल तर हे जड जातं. एक क्वार्टर, म्हणजे पाव सामना, झाला की डोळा बसतो.

आता वहीत रकाने आखा. डिफ्लेक्शन म्हणजे शॉट नसताना चेंडूला लागलेला हात, मग चेंडू आपल्याला मिळो वा न मिळो. त्याच्या शेजारी सुटे चेंडू पकडले, चार्ज घेतले (विरोधकाची धडक अंगावर घेऊन त्याचा फाउल काढला), शॉटला हात वर करून अडथळा केला आणि रिबाउंडसाठी (चुकलेल्या शॉटनंतर परतणाऱ्या चेंडूसाठी) माणूस पाठीवर रोखला हे रकाने. शिवाय असिस्टच्या, म्हणजे थेट बास्केट घडवणाऱ्या पासच्या, आधीचा पास, ज्याची स्कोअरशीट कधीच नोंद घेत नाही. यातल्या बऱ्याच गोष्टी एनबीए ‘हसल’ (धडपडीचे) आकडे म्हणून आपल्या साइटवर देते, त्यामुळे तुमची मोजणी पडताळता येते. दोन सामन्यांनंतर तफावत राहिली तर बहुतेक वेळा चूक एकच असते: स्टीलला (हिसकावलेल्या चेंडूला) डिफ्लेक्शन म्हणून मोजायचं राहून जातं.

याच पानावर उणे रकाने हवेतच. चेंडू हिसकावायला झेपावला, चुकला आणि मागे चार विरुद्ध पाच झालं, तर एक उणे. अनावश्यक फाउलला एक. तिसरा उणे रकाना बहुतेकांकडून सुटतो: आपल्या आक्रमणाच्या वेळी त्याच्यावर नेमलेला विरोधी बचावपटू उभा कुठे आहे? तो याला सोडून बास्केटखाली जाऊन बसला असेल, तर याच्या सोबत्याला आत शिरायला जागाच उरत नाही. ही किंमत याच्या नावावर लिहायची. करुसोने २०२३-२४ मध्ये तीन-गुणी शॉट ४०.८ टक्क्यांनी मारले आणि सरासरी १०.१ गुणांवर नेली. असा खेळाडू मोकळा सोडणं परवडत नाही. नुसत्या डिफेन्सवर जगणारा आणि दोन्हीकडे टिकणारा यांतला फरक या एका रकान्यात दिसतो.

एक हालचाल मात्र स्लो मोशनमध्ये दहा वेळा बघा, कारण सगळा हिशोब तिच्यात आहे. पिक अँड रोल म्हणजे चेंडूवाल्याच्या बचावपटूची वाट अंगाने अडवायची (हा स्क्रीन) आणि मग बास्केटकडे धावायचं. त्यासाठी स्क्रीन लावायला समोरचा उंच खेळाडू वर येतो. साधा गार्ड स्क्रीन अंगावर आदळेपर्यंत थांबतो, अडकतो, आणि चेंडूवाला मोकळा होतो. करुसो स्क्रीन येण्याआधीच पुढचा पाय चेंडूवाल्याच्या वरच्या बाजूला टाकतो, खांदे आडवे करून अंग बारीक करतो, त्या फटीतून घसरतो आणि पाठीमागून हात लांब ठेवत चिकटून येतो. बुल्सला हे इतकं का लागायचं? त्यांचा तेव्हाचा सेंटर (बास्केटजवळचा उंच खेळाडू) निकोला व्हुचेविच उंच, पण पायांनी संथ. तो मागे, बास्केटजवळ थांबतो. पुढचा गार्ड स्क्रीनमध्ये अडकला की व्हुचेविचसमोर एकाच वेळी दोघे येतात, चेंडूवाला आणि आत धावणारा. गार्ड वेळेत परतला तर दोनाचा एक होतो. विरोधक मग नाइलाजाने लांबचा दोन-गुणी शॉट घेतो, तो चुकतो आणि रिबाउंड व्हुचेविचच्या नावावर पडतो. करुसोच्या नावावर काहीच नाही. अशा प्रत्येक वेळेला वहीत स्वतंत्र खूण करा: स्क्रीनमधून वेळेत सुटला की अडकला.

करुसोचा जोडीदार गार्ड लॉन्झो बॉल जानेवारी २०२२ मध्ये गुडघ्यामुळे बाहेर गेला आणि पुढचे दोन संपूर्ण हंगाम खेळलाच नाही. पुढच्या फळीचं हे काम करणारी जोडी मोडली. संघातल्या डीरोझन आणि लव्हीन यांचं बळ चेंडू हातात असताना. त्यामुळे विरोधी संघाचा सगळ्यात धोक्याचा गार्ड रोज करुसोच्याच वाट्याला यायचा. म्हणून ‘कुणावर खेळला’ हाही रकाना ठेवा. कठीण माणूस अंगावर घेणाऱ्याचे आकडे मुळातच थोडे वाईट दिसतात.

आता हिशोब. तो मैदानात आला आणि बाहेर गेला, त्या प्रत्येक वेळचा स्कोअर लिहा. चेंडूचा ताबा बदलला की एक रेघ ओढा. प्रत्येक ताबा म्हणजे एक पझेशन. आक्रमक रिबाउंड मिळाला (आपल्याच चुकलेल्या शॉटचा चेंडू परत मिळाला) तर ताबा तोच, नवी रेघ नाही. इथे हमखास चुकतं. पूर्ण सामन्यातली एका संघाची पझेशन पडताळायला हे सूत्र वापरा (शॉट आणि फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतरचे मोकळे शॉट, घेतलेले सगळे धरा, पडलेलेच नव्हे; टर्नओव्हर म्हणजे गमावलेला चेंडू): मैदानी शॉट + ०.४४ × फ्री थ्रो − आक्रमक रिबाउंड + टर्नओव्हर. ८८ शॉट, २० फ्री थ्रो, १० आक्रमक रिबाउंड, १४ टर्नओव्हर असतील तर ८८ + ८.८ − १० + १४ = १००.८. त्या संघाच्या तुमच्या रेघा याच्या दोन-तीन इकडेतिकडे हव्यात.

समजा पाच सामन्यांत तो असताना दोन्ही संघांची प्रत्येकी २४० पझेशन झाली आणि संघ ५ गुणांनी पुढे राहिला: शंभर पझेशनमागे +२.१. तो बसलेला असताना तितक्याच पझेशनमध्ये संघ २६ ने मागे पडला: −१०.८. फरक जवळपास १३. आकडा बघून हुरळून जाऊ नका, आधी प्रतिस्पर्ध्यांचे तीन-गुणी तपासा. तो असताना त्यांनी ८४ पैकी २५ मारले असतील, तर ते ३० टक्केही भरत नाहीत. एनबीएची सरासरी साधारण ३६ धरली तर ३० पडायला हवे होते. पाच शॉट, पंधरा गुण. मोकळे शॉट चुकणं हे बचावाचं श्रेय नसतं. ते पंधरा काढले की +५ चे −१० होतात, आणि १३ चा फरक ६.७ वर येतो. बेंचवरच्या मिनिटांनाही हीच तपासणी लावा, नाहीतर तराजू एकाच बाजूला झुकतो.

एवढं करूनही पाच सामन्यांचा हा फरक पुरावा ठरत नाही. एवढ्या कमी पझेशनमध्ये शंभरामागे १०-१५ गुण निव्वळ नशिबाने हलतात. वीस सामन्यांत ही हेलकावणी अर्ध्यावर येते, आणि अख्ख्या हंगामातही तीन-चार गुणांच्या फरकावरून कुणाला वर-खाली करू नये. म्हणून आकड्यासाठी पूर्ण हंगाम घ्या आणि कारणासाठी तुमची पाच सामन्यांची वही. दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच निष्कर्ष लिहा. तो कुणासोबत खेळला हेही पाहा: बेंचचा पाच जणांचा संच कच्चा असेल, तर सुरुवातीच्या पाचांतला कुणीही सोन्याचा दिसतो. यावर उपाय म्हणजे बाकीचे चार तेच आणि फक्त हा बदललेला, अशी मिनिटं वेगळी काढणं. ती थोडी मिळतात, पण सगळ्यात खरी असतात.

शेवटी उपलब्धता. जमिनीवर झेपावणाऱ्याचं अंग झिजतं. करुसो २०२१-२२ मध्ये ४१ सामने खेळला, पुढे ६७ आणि ७१. शंभरामागचा फरक गुणिले प्रत्यक्ष खेळलेली पझेशन, असं केल्याशिवाय संघाला काय मिळालं ते कळत नाही.

मर्यादाही लिहा. असा खेळाडू पडझड थांबवतो, पण शॉट घडवणारा हाताशी नसेल तर त्याच्या जोरावर संघ पन्नास सामने जिंकत नाही. बुल्सने जून २०२४ मध्ये त्याला जॉश गिडीच्या बदल्यात ओक्लाहोमा सिटीला दिलं, सोबत एकही ड्राफ्ट पिक (नवा खेळाडू निवडण्याचा हक्क) न घेता. ज्याचं मोल स्कोअरशीटवर दिसत नाही, त्याचा भाव असाच पडतो. तिथे तो सरासरी १९ मिनिटंच खेळला. डिसेंबरमध्ये संघाने त्याच्याशी चार वर्षांचा ८.१ कोटी डॉलरचा करार केला. शिकागोतला चार वर्षांचा करार ३.७ कोटींच्या आसपास होता. मे २०२५ मध्ये डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात सहा फूट पाच इंचांच्या या गार्डला चक्क डेन्व्हरचा सेंटर निकोला योकिचवर सोडलं गेलं. ओक्लाहोमाने तो १२५-९३ असा जिंकला आणि जूनमध्ये विजेतेपदही. तुमची वही तयार झाली की सरावासाठी हाच सामना लावा, आणि योकिचला पास पोचण्याआधी करुसोचे पाय कुठे आहेत तेवढंच मोजा.