अंजनेरीच्या पठारावरून हॅम रेडिओ : तार कुठे बांधाल?

नाशिकजवळच्या अंजनेरी गडावर हॅम रेडिओची (हौशी लोकांच्या बिनतारी संपर्काची) अँटेना लावताना पठाराच्या मधोमध बसू नका. ज्या दिशेला बोलायचंय, त्या बाजूच्या उताराजवळ या, पण कड्यापासून सुरक्षित अंतर ठेवूनच. पुढे जमीन खाली उतरत गेली की लहरी क्षितिजालगत निघतात आणि लांबचा संपर्क जमतो.

२० मीटर बँडसाठी (१४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी) साधा डायपोल, म्हणजे मधोमध जोडणी असलेली दोन समान बाजूंची तार, पुरतो. तारेच्या एकूण लांबीसाठी १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारितेने भागा : १४.२ ला सुमारे १०.०७ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू ५.०३. कापताना मात्र वीतभर जास्त ठेवा. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते, त्याचं माप) बघत टोकं दुमडत आणता येतात, तोकडी तार वाढवणं कटकटीचं. मधला भाग सहा मीटरच्या फायबर काठीवर चढवा. डायपोल तारेच्या काटकोनात जास्त प्रक्षेपण करतो आणि युरोप आपल्या वायव्येला, म्हणून तार ईशान्य-नैर्ऋत्य ताणा.

इथल्या कातळात खुंट्या शिरत नाहीत. दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा, गडाच्या बांधकामाला कधीच नाही. प्रक्षेपण चालू असताना टोकांवर व्होल्टेज जास्त असतं, म्हणून ती डोक्याच्या वर हवीत. हॅम रेडिओचा परवाना सोबत ठेवा. वळवाचे ढग दिसले, की लगेच सगळं उतरवून खाली निघा.