श्टुटगार्टला येताय? आधी तुमच्या होणाऱ्या बिल्डिंगची ओळख करून घ्या

पुणे, नाशिक, संभाजीनगरहून इकडे जर्मनीत श्टुटगार्टच्या आसपास येणारी मंडळी आता खूप वाढलीत. गाड्या बनवणाऱ्या आणि त्यांना पार्ट पुरवणाऱ्या कंपन्या दोन्हीकडे असल्याने नातं जुनंच आहे, मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून सिस्टर सिटी आहेत, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्ग या इथल्या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून इंजिनियर सोडून बाकीचेही बरेच जण विचारायला लागलेत की येण्याआधी काय बघू, काय वाचू. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, देशाचा इतिहास-भूगोल जरूर वाचा पण त्याआधी तुम्ही ज्या बिल्डिंगमध्ये राहणार आहात ती कशी चालते ते समजून घ्या, कारण पहिल्या वर्षात तुमचा संबंध जास्त करून घरमालक, शेजारी आणि पोस्टमन यांच्याशीच येणार आहे.

घरापासूनच सुरू करू. जाहिरातीत २ त्सिमर लिहिलं असेल तर तो साधारण आपला १ बीएचके, म्हणजे हॉल धरून दोन खोल्या. किचन त्यात असेलच असं नाही, खूप घरांत आधीचा भाडेकरू ओट्यासकट किचन काढून घेऊन जातो आणि छताला नुसत्या वायरी लोंबत असतात. जाहिरातीत ईबीके अशी तीन अक्षरं दिसली तर किचन आहे असं समजा. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटे म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून, आणि लाइटचं कॉन्ट्रॅक्ट बहुतेक वेळा आपलं आपण वेगळं करायचं. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त ३ महिन्यांच्या काल्टमीटेइतकं घेता येतं. आणि हे अगदी कळकळीने सांगतो, भारतात बसून कोणालाही डिपॉझिट पाठवू नका. मी परगावी आहे, पैसे भरा, चावी कुरियरने पाठवतो असं कोणी म्हणालं तर तो सरळ फ्रॉड आहे, फोटो कितीही सुंदर असू देत. पहिले दोन-तीन महिने फर्निश्ड खोली घ्या, महाग पडते पण इथे येऊन स्वतः घरं बघता येतात.

फक्त ती खोली घेताना एक गोष्ट आधीच विचारून घ्या की तिथे आन्मेल्डुंग करता येईल का. राहायला गेल्यापासून २ आठवड्यांच्या आत महापालिकेच्या ऑफिसात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो, तो द्यायला काही लोक तयार नसतात. ही नोंदणी झाली की टॅक्स नंबर पोस्टाने येतो, आणि पुढचं बरंच काही त्या पत्त्यावर अवलंबून असतं. अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, ऑनलाइन दिसत असेल तर विमानात बसायच्या आधीच घेऊन ठेवा.

आता पोस्ट. इथे इन्शुरन्स कार्ड, बँकेचा पिन, सरकारी पत्रं सगळं अजूनही पाकिटात येतं. बिल्डिंगमध्ये साधारणपणे फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो आणि नाव नसेल तर पत्र परत जातं, म्हणून चावी हातात आली त्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर पासपोर्टमध्ये आहे तसंच आडनाव लावा. एक पत्र घराघराला येतंच ते रेडिओ-टीव्हीच्या फीचं, महिना १८.३६ युरो, टीव्ही असो नसो प्रत्येक घराला भरावी लागते, फसवणूक समजून फेकून देऊ नका.

नावाचं सांगितलं तर अजून एक, आपल्या लोकांना खास. आपल्याकडे पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं, इथे ते सगळं मिळून पहिलं नाव धरतात आणि प्रत्येक कागदावर तसंच येतं. त्याला हरकत नाही, पण पासपोर्टवर माहेरचं नाव, मॅरेज सर्टिफिकेटवर सासरचं आणि डिग्रीवर तिसरंच असं असेल तर तिकडे असतानाच जुळवून घ्या, इथून ते काम फार अवघड जातं. जन्माचे आणि लग्नाचे दाखले ओरिजिनल आणा.

बिल्डिंगचे नियम हाउसओर्डनुंग नावाच्या कागदावर असतात, भाडेकराराबरोबर मिळतो, ट्रान्सलेटरमध्ये टाकून पूर्ण वाचा. रात्री १० ते सकाळी ६ शांतता, रविवारीही दिवसभर ड्रिल मशीन नाही, काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकायला जायचं नाही. कचरा पेपर, ओला, पॅकिंगचा आणि उरलेला असा वेगवेगळा. आणि आमच्या श्वाबेन भागाची खासियत म्हणजे केअरवोखे, आठवड्याची पाळी. दाराला पाटी लटकलेली दिसली की त्या आठवड्यात जिना पुसायची पाळी तुमची, मोठी पाळी असेल तर बाहेरचा फुटपाथ झाडणं आणि थंडीत सकाळी लवकर बर्फ काढणंही आलं. काही बिल्डिंगमध्ये हे काम एजन्सीला दिलेलं असतं, विचारून घ्या. पण तुमच्याकडे असेल तर मनापासून करा, कारण शेजारी नवीन माणसाला ह्याच्यावरूनच ओळखतात, जिना नीट पुसलेला दिसला की पुढच्या वेळी थांबून बोलतात, आमच्या बिल्डिंगमधल्या आजींशी माझी ओळख अशीच झाली आणि माझं निम्मं जर्मन त्यांच्यामुळे सुधारलं. थंडीतही दिवसातून दोनदा खिडक्या पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्या, आपल्या स्वयंपाकाची वाफ भिंतीत बसून बुरशी धरते आणि तो खर्च डिपॉझिटमधून कापला जाऊ शकतो.

रविवारी दुकानं बंद असतात, स्टेशनवरची काही आणि पेट्रोल पंप सोडून, त्यामुळे शनिवारी पोहोचत असाल तर दोन दिवसांचं खायचं बघून ठेवा. एकदाच वापरायच्या बाटल्या-कॅनवर २५ सेंट फांड, म्हणजे डिपॉझिट, असतो, रिकाम्या बाटल्या दुकानातल्या मशीनमध्ये टाकल्या की परत मिळतो.

बॅगेत काय आणू हा प्रश्न तर प्रत्येकाचा. तूप, पेढे, खवा, पनीर आणू नका, युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ता आणि आंबेही सर्टिफिकेटशिवाय चालत नाहीत. डाळी, तांदूळ, पीठ इथे मिळतं, तुम्ही गोडा मसाला, मेतकूट, चटण्या आणा. कुकर इंडक्शनवर चालणारा घ्या, ॲल्युमिनियमचा साधा कुकर सगळ्या शेगड्यांवर चालत नाही. भारतीय लायसन्स राहायला आल्यापासून ६ महिने चालतं, पुढे इथली परीक्षा. फोनमध्ये ११२ अँब्युलन्स-फायर, ११० पोलीस आणि ११६११७ हा रात्री-सुट्टीच्या डॉक्टरांचा नंबर सेव्ह करा.

भाषेबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय, आणि तेही बरोबर येणाऱ्या बायकोबद्दल किंवा नवऱ्याबद्दल. ज्याला नोकरी आहे त्याचं ऑफिसात इंग्लिशवर भागतं, दुसरा माणूस घरात एकटा पडतो, डिसेंबरात साडेचारला अंधार होतो, आणि तो पहिला हिवाळा खरंच जड जातो. अशा वेळी बेकरीत, डॉक्टरकडे, शाळेत चार वाक्यं येणं फार मोठा आधार असतो. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, व्हिसासाठी भाषेची अट लागू नसली तरी दोघांनीही जर्मनची ए१ ही पहिली लेव्हल, जमलं तर पुढची ए२ करूनच निघा. इथे आल्यावर प्रत्येक शहरात फोल्क्सहोखशूलेचे, म्हणजे मोठ्यांसाठीच्या शिक्षण केंद्राचे, कोर्स असतात, फी परवडणारी असते. डिपेंडंट म्हणून आलेल्या जोडीदारालाही नोकरीची परवानगी असते हे खूप जणांना माहीतच नसतं, त्यामुळे त्यांच्या डिग्रीचे कागद, अनुभवाची पत्रं तुमच्या कागदांसोबत त्याच फाइलमध्ये घ्या. आणि लहान मूल असेल तर पाळणाघरासाठी, म्हणजे कीटासाठी, पत्ता पक्का झाला की लगेच नाव नोंदवा, जागा कायद्याने मुलाला वर्ष पूर्ण झाल्यापासून हक्काची आहे पण प्रत्यक्षात थांबावं लागतं, आणि मूल कीटामध्ये जायला लागेपर्यंत त्या दुसऱ्या माणसाचा कोर्सही सुरू होत नाही.