इसब बसल्यावर जुन्या जागी मलम किती, कधी आणि कुठवर लावायचं

कोपराच्या आतल्या घडीतलं इसब बसतं, खाज थांबते, कातडी मऊ होते. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा खाज सुटते ती नेमकी त्याच घडीत, बोटभरही इकडे-तिकडे नाही. मग मलमाला दोष दिला जातो. बहुतेक वेळा मलम चांगलंच असतं, ते फार लवकर बंद केलेलं असतं.

वरची कातडी साधारण महिन्याभरात नवी येते. ती ज्या मूलपेशींपासून तयार होते त्या मात्र तळच्या थरात तशाच राहतात, आणि आधीच्या दाहाची खूण त्यांच्यात उरते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात एलेन फुक्स यांच्या प्रयोगशाळेत श्रुती नाईक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हे उंदरांवर दाखवलं. इमिक्विमॉडचं मलम ६ दिवस लावून त्यांनी दाह उठवला. ३० व्या दिवशी कातडी पहिल्यासारखी दिसत होती, पण तिथे जखम केल्यावर ती सुमारे अडीचपट वेगाने भरली. ही तयारी १८० दिवसांनंतरही टिकून होती, आणि तिला टी-पेशी किंवा मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींची गरज पडत नव्हती.

पेशीत डीएनए घट्ट गुंडाळून ठेवलेला असतो. दाहाच्या वेळी त्यातले काही भाग मोकळे होतात आणि दाह ओसरल्यावर त्यांतले काही पुन्हा पुरते बंद होत नाहीत. कडी न लावता नुसत्या लोटलेल्या दारासारखे ते राहतात. २०२१ मध्ये याच प्रयोगशाळेने दाखवलं की हे दार पहिल्यांदा उघडायला त्या-त्या दाहाचे खास संकेत लागतात, पुढच्या वेळी मात्र कोणताही ताण पुरतो. जखम भरायला ही तयारी कामाची आहे. इसबात तीच अंगावर येते, शिवाय जुन्या जागी मुक्काम करून बसलेल्या टी-पेशीही तिला हातभार लावतात. म्हणून उपचार दोन टप्प्यांत करायचा: आधी दाह पूर्ण विझवायचा, मग त्याच जागी आठवड्यातून दोनदा मलम चालू ठेवायचं. कोणतं मलम, हे त्वचारोगतज्ज्ञांनी ठरवायचं. इथे फ्लुटिकासोन ०.०५ टक्के या स्टेरॉइड मलमाचं उदाहरण धरलं आहे.

पहिला टप्पा खाजेवर मोजू नका. खाज दोन-तीन दिवसांत कमी होते, तेव्हा आतली सूज अजून तशीच असते. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा. डोळे मिटून बोटाचं टोक आधी घडीवरून आणि मग शेजारच्या चांगल्या कातडीवरून फिरवा. घडी जाड किंवा खरखरीत लागली तर दाह आहे. दोन्हीकडे सारखंच लागेपर्यंत मलम रोज लावायचं. याला बहुधा एक ते दोन आठवडे लागतात. मागे राहिलेला काळपट डाग म्हणजे दाह नव्हे. तो घालवायला स्टेरॉइड चोळत बसू नका, तो महिन्यांनी आपोआप फिका होतो. मात्र जुनी जागा नेमकी कुठे होती, हे त्याच डागावरून कळतं. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा, कारण पुढे मलम लावायचं ते याच नकाशावर.

आता माप. ट्यूबचं तोंड ५ मिमीचं असेल, तर मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर टोकापासून पहिल्या घडीपर्यंत काढलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते. बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला ती पुरते. मूल लहान असलं तरी पेर आणि तळवा मोठ्या माणसाचेच धरायचे. दोन्ही कोपरांच्या आणि दोन्ही गुडघ्यांमागच्या घडीत प्रत्येकी एक तळवाभर जागा धरली, तर एका वेळी दोन पेरं म्हणजे १ ग्रॅम लागतो. रोज लावताना १० ग्रॅमची ट्यूब १० दिवसांत संपली पाहिजे. ती दोन महिने पुरली, तर मलम फार कमी लावलं जातंय.

दुसऱ्या टप्प्यात दोन वार पक्के करा, समजा सोमवार आणि गुरुवार. त्या रात्री नकाशावरच्या सगळ्या जागांवर मलम लावायचं, खाज असो वा नसो. इथेच बहुतेकांचं चुकतं. कातडी छान दिसते म्हणून सोमवार टळतो, मग गुरुवारही. खरखर पुन्हा जाणवली तर त्या जागेपुरतं रोज लावणं सुरू करा आणि गुळगुळीत झाल्यावर दोन वारांवर या. पापण्या, चेहरा आणि जांघ इथली कातडी पातळ असते, तिथे बहुधा टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेलं मलम देतात: २ वर्षांवरील मुलांना ०.०३ टक्के, मोठ्यांना ०.१ टक्के. पहिला आठवडाभर त्याने जळजळ होते. ती ॲलर्जी समजून बरेच जण सोडून देतात. ओल्या कातडीवर लावलं तर जळजळ जास्त होते.

मॉइश्चरायझर मात्र रोज लागतं. कोमट पाण्याने ५ ते १० मिनिटांत आंघोळ उरका, टॉवेलने टिपा आणि अंग दमट असतानाच लावा. सर्वांगाला लावायचं तर मोठ्या माणसाला आठवड्याला सुमारे २५० ग्रॅम लागतं. त्यानंतर १५-२० मिनिटांनी औषधी मलम. मॉइश्चरायझरमधलं पॅराफिन मुरलेले कपडे झटकन पेट घेतात, तेव्हा गॅस, समई आणि फटाक्यांपासून जपा. जुन्या जागांवर वज्री, घासणी किंवा दिवाळीचं उटणं घासू नका. अर्धवट लोटलेलं दार उघडायला तेवढं घासणंही पुरतं. बिब्बा तर मुळीच लावू नका, तो स्वतःच दाह उठवतो.

क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र असलेलं मलम दुकानातून परस्पर आणू नका. जुनी जागा गोल कडेने पसरत असेल तर तो नायटा असू शकतो. स्टेरॉइडने त्याची खाज दबते आणि बुरशी फोफावते. आधी कातडी खरवडून तपासून घ्या. पिवळी खपली धरली तर जंतुसंसर्गाची शंका घ्या. एकसारख्या बारीक, खोलगट, दुखऱ्या फोडांसोबत ताप आला तर तो नागिणीच्या जातीच्या हर्पीस विषाणूचा प्रादुर्भाव असू शकतो, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

तीन-चार महिने एकही उठाव झाला नाही, तर डॉक्टरांना दाखवून दोन वारांचा एक वार करा. महिनाभर बोटाला काही लागलं नाही तर तोही सोडा. मात्र आठवड्यातून एकदा डोळे मिटून घडीवरून बोट फिरवत राहा, आणि खरखर लागली तर त्याच रात्रीपासून पुन्हा रोज मलम सुरू करा.