हार्डफेसिंगला चुंबक लावताय? या चुका टाळा

रोटाव्हेटरची पाती, जेसीबीच्या बकेटचे दात, ऊस पिळणारे रोलर. खान्देशातल्या वर्कशॉपमध्ये हार्डफेसिंगला, म्हणजे झिजणाऱ्या भागावर वेल्डिंगने कडक थर चढवायला, येतो तो बहुतेक असाच माल. कडक थर चढवताना खालचं साधं लोखंड जितकं वितळून वर येईल, तितकं रॉडमधलं क्रोमियम आणि कार्बन पातळ होतं आणि थर लवकर झिजतो. चुंबकाचा, म्हणजे करंट सोडला की चुंबक होणाऱ्या तारेच्या कॉइलचा, उपयोग इथे आहे. आर्कमधून, म्हणजे रॉड आणि लोखंडामधल्या विजेच्या झोतातून, करंट वाहतो, म्हणून चुंबकीय क्षेत्र त्याला ढकलतं. आर्कला आडवं, दिशा बदलत राहणारं क्षेत्र त्याला डोलवतं. बीड, म्हणजे वेल्डची पट्टी, रुंद आणि उथळ होतं. आर्कच्या रेषेतलं क्षेत्र त्याला गरगर फिरवतं, वितळलेला रस ढवळला जातो, धातूचा दाणा बारीक पडतो.

पण कॉइल लावण्याआधी जॉबमध्ये, म्हणजे वेल्डिंगला आलेल्या भागात, आधीच चुंबकत्व मुरलंय का, ते बघतो कोण? मॅग्नेटिक क्रेनने उचललेला किंवा मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट (चुंबकाने भेगा शोधायची तपासणी) झालेला रोलर आला, की पोरगा ओरडतो, "भाऊ, आर्क एक बाजूले पयी ऱ्हायना!" (एका बाजूला पळतोय) आणि आपण शिव्या देतो कॉइलला. कॉइल बंद ठेवून गाउसमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र, लावा. साधारण 20 गाउसच्या पुढे आर्क त्रास द्यायला लागतो. मुरलेलं चुंबकत्व काढायला जॉबभोवती केबलचे वेढे घालून एसी करंट द्या आणि हळूहळू कमी करत शून्यावर आणा. अर्थ क्लॅम्पची जागाही बदलून पाहा. निम्मी दुखणी तिथेच असतात.

दुसरी चूक भल्याभल्यांना चकवते. वेल्डिंग सेट एसी आणि कॉइलही त्याच 50 हर्ट्झच्या लाइनवर. दोन्ही एकदम उलटतात, त्यामुळे जोर एकाच बाजूला राहतो. आर्क डोलत नाही, नुसता कलतो. वेल्डिंग डीसीवर घ्या आणि कॉइलला वेगळा, कमी फ्रीक्वेन्सीचा सप्लाय द्या.

कॉइलचं क्षेत्र मोजायचं ते जॉब जागेवर ठेवून, आर्क पेटवण्याआधी. लोखंड चुंबकरेषा आपल्याकडे ओढतं, त्यामुळे रिकाम्या टेबलावरचा आकडा कामाचा नाही.

मग आपला उन्हाळा. तांब्याचा रेझिस्टन्स दर 10 अंशांना जवळपास 4 टक्के वाढतो. सकाळी 30 अंशांवर असलेली कॉइल दुपारी 80 अंशांवर गेली, तर तेवढ्याच व्होल्टेजला करंट सुमारे सहाव्या हिश्शाने घटतो, क्षेत्रही तेवढंच. सकाळचं बीड रुंद, दुपारचं अरुंद, आणि ठपका वेल्डरवर! कॉन्स्टंट करंटचा सप्लाय वापरा, जमलं तर कॉइलला पाणी फिरवा.

क्षेत्राचा जोर जास्त झाला तर आर्क भरकटतो, स्पॅटर (वितळलेले थेंब) उडतं, कडेला अंडरकट (खाच) पडतो. हाय क्रोमच्या थरावरच्या आडव्या बारीक भेगा मात्र त्या थराचा स्वभाव आहे. त्या घालवायला कॉइलचा करंट चढवत बसू नका.

आणि पहिला प्रयोग गिऱ्हाइकाच्या रोलरवर नको. भंगारातलं पातं घ्या, एक बीड कॉइलसह आणि एक कॉइलशिवाय मारा, दोन्ही आडवी कापा, घासून नायटल (अल्कोहोलमध्ये मिसळलेलं नायट्रिक ॲसिड) लावा. मूळ पृष्ठभागाच्या खाली किती भाग गेलाय, ते डोळ्यांनी दिसतं.