वस्तीत नशेविरुद्ध काम सुरू करण्याआधी

"ताई, व्हिडिओ काढला तुम्ही, अन् मार खाल्ला माह्या पोट्ट्यानं."

एका आईने भर चौकात मला हे ऐकवलं, तेव्हा या कामात येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. आमच्या वस्तीत एका पानठेल्याच्या मागे नशेच्या पुड्या विकल्या जायच्या. समोर खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) घोटून देणारा माणूस, मागच्या बोळीत सोळा वर्षांचा एक पोरगा. मी लांबून त्याचा व्हिडिओ काढला आणि वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी पाहिलं की धंदा बंद पडेल असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी ठेला नेहमीसारखा उघडला. पोराला मात्र त्याच्याच लोकांनी, "तूच कोणाले तरी सांगतलं," म्हणत पट्ट्याने झोडपलं. डाव्या कानाने त्याला अजूनही कमीच ऐकू येतं.

नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते. टोळीचा राग निघतो तो सगळ्यात खालच्या पोरावर. माल आणणारा वस्तीत राहतच नाही. म्हणून फोटो, नाव, घर, गाडीचा नंबर यातलं काहीही ग्रुपवर टाकायचं नाही. ठेल्यावर जाऊन जाब विचारायचा नाही, पुराव्यासाठी स्वतः पुडी विकत तर मुळीच घ्यायची नाही. पुडी खिशात सापडली, की कायद्याच्या नजरेत आपणही आरोपीच.

माहिती द्यायचीच असेल तर १९३३ हा अमली पदार्थांविरुद्धच्या मानस हेल्पलाइनचा राष्ट्रीय क्रमांक आहे, तो २०२४ मध्ये सुरू झाला. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६८ नुसार, खबर कुठून मिळाली हे सांगायला या कायद्याखाली काम करणाऱ्या अधिकाऱ्याला भाग पाडता येत नाही. तरीही ठाण्यात एकट्याने जाऊ नका. सोबत एखादा वकील किंवा संस्थेतलं वयाने मोठं माणूस असू द्या. साक्षीदार व्हायची वेळ आली आणि धमकी मिळाली, तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. पोलिस अहवाल देतात आणि जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती निर्णय घेते. मला हे फार उशिरा कळलं.

कायदा वाचायचा कंटाळा करू नका. १९८५ चा एनडीपीएस कायदा प्रमाणावर चालतो. गांजा एक किलोपेक्षा कमी असेल तर अल्प प्रमाण, वीस किलोपेक्षा जास्त असेल तर व्यावसायिक. एमडीचं, म्हणजे मेफेड्रोन पावडरचं गणित वेगळंच: दोन ग्रॅमपेक्षा कमी ते अल्प आणि पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त ते व्यावसायिक, म्हणजे किमान दहा वर्षांची शिक्षा. मूठभर पावडर! वस्तीतल्या पोरांना हा हिशोब कोणी सांगितलेला नसतो. "एवढी पुडी फक्त त्या चौकात पोचव," म्हणून हातात नवा मोबाइल ठेवला जातो. अल्पवयीन मुलाला असं वापरणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७८ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. त्या सोळा वर्षांच्या पोराला मी व्हिडिओत गुन्हेगार म्हणून दाखवलं होतं. कायदा त्याला वापरलं गेलेलं मूल समजतो.

शिकायचं कुठे, हा प्रश्न हमखास येतो. आपल्या नागपुरात मातृसेवा संघाचं समाजकार्य महाविद्यालय आहे, सदरला तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय आहे. बीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी, पदव्युत्तर पदवी) करताना क्षेत्रकार्य असतं, त्यात व्यसनमुक्तीची जागा मागून घ्या. पदवीशिवायही काम होतं, पण नोंद ठेवायला आणि समोरच्याचं ऐकून घ्यायला कोणीतरी शिकवावंच लागतं. पगार सुरुवातीला तुटपुंजा असतो. घरच्यांना ते आधीच सांगून ठेवा.

वस्तीला एकत्र आणायला भाषणांचा उपयोग होत नाही. आमच्याकडे मारबत कामी आली. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे, म्हणजे नकोशा गोष्टींचे पुतळे असतात, आणि जे नकोसं झालंय ते "घेऊन जा गे मारबत" म्हणत हाकलायचं असतं. आम्ही पोरांना बडग्या करायला लावला. बांबू, रद्दी, खळ, आणि गळ्यात रिकाम्या पुड्यांची माळ. कोणाचं नाव नाही, कोणाचा चेहरा नाही. सभेला कधी न येणाऱ्या बायका त्या दिवशी दारात येऊन ओरडल्या. एकीने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "माह्या घरातलंबी घेऊन जा म्हणा तिले."

त्यानंतर रात्री माझं दार वाजू लागलं. खरं काम इथून सुरू झालं, असं मी मानते. आई येते, पदर तोंडावर धरून हळू आवाजात विचारते, "दवाखान्यात नेलं तं पोलिस धरतीन का?" तेव्हा उत्तर पाठ हवं. एनडीपीएसच्या कलम ६४ अ नुसार अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले, तर ही सवलत जाऊ शकते. समुपदेशनासाठी १४४४६ वर फोन करता येतो. पण फोन लावून देऊन निघून येऊ नका. ओपीडीच्या रांगेत सोबत बसा.

त्या सोळा वर्षांच्या पोराची आईसुद्धा शेवटी आली, सात महिन्यांनी. माझ्याशी बोलली नाही, नुसती दारात उभी राहिली. पोरगा मागे ऑटोत बसला होता. आम्ही मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेलो, मानसोपचार विभागात. केसपेपर मिळाल्यावर मी तिला सांगितलं, "काकू, हा कागद जपून ठेवा, उपचार सुरू असल्याचा हाच पुरावा." तिने ब्लाउजमधून दुधाची धुतलेली पिशवी काढली, कागदाची चौघडी करून आत घातली आणि पिशवीला गाठ मारली. परवा दवाखान्याची तिसरी तारीख होती. पिशवी तीच होती.