‘पसंत नसल्यास पैसे परत’ लिहिण्यापूर्वी: ऑनलाइन हमी देताना या चुका टाळा

दुकानात आलेली ग्राहक पैठणीचा पदर उलटून मागची बाजू पाहते, हापूसच्या देठाजवळ नाक नेते आणि मगच पैसे काढते. मोबाइलच्या पडद्यावर यांपैकी काहीच करता येत नाही. माल न पाहता, विक्रेत्याला न ओळखता तिला आधी पैसे मोजावे लागतात आणि फसवणुकीचा सगळा धोका तिच्या वाट्याला येतो. त्या धोक्यातला ठरावीक भाग विक्रेत्याने स्वतःच्या अंगावर घेणे, हा हमीचा खरा अर्थ आहे. म्हणून हमीची किंमत तिच्या मोठ्या अक्षरांवरून ठरत नाही. कोणता धोका विक्रेत्याने उचलला आहे आणि वेळ आल्यावर ग्राहकाला ती हमी किती सहज वापरता येते, यावरून ती ठरते. पुढच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

आपल्या हाती नसलेल्या गोष्टीची हमी

‘महिन्याभरात गुगलवर पहिला क्रमांक, हमखास’ अशी जाहिरात करणाऱ्या संस्था आजही दिसतात. गुगलने स्वतःच्या मार्गदर्शक पानावर स्पष्ट लिहिले आहे की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. शोधनिकालांचा क्रम ठरवणारी यंत्रणा ज्याच्या ताब्यात नाही, त्याने त्या क्रमाचे वचन देणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातले पीक विकण्यासारखे आहे. तो कोणत्या पानांवर काम करील, किती दिवसांत करील, अहवाल कधी देईल आणि ठरलेले काम झाले नाही तर किती पैसे परत करील, याची हमी मात्र तो निःशंकपणे देऊ शकतो, कारण या सर्व गोष्टी त्याच्या हातात आहेत.

हाच फरक शिकवणी वर्गांनाही लागू पडतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी क्षेत्रासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढून निवडीची, नोकरीची किंवा गुणांची खात्री देणाऱ्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली. औषधांच्या बाबतीत बंधन त्याहून कितीतरी जुने आहे. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह आणि लठ्ठपणा यांचाही समावेश असून, त्यांवरील औषधोपचाराची जाहिरात करण्यासच मनाई आहे. घरी चूर्ण बनवून विकणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसते आणि ते ‘साखर उतरली नाही तर पैसे परत’ असे लिहून मोकळे होतात. पैसे परत करण्याची तयारी कितीही प्रामाणिक असली, तरी तेवढ्याने ती जाहिरात कायदेशीर होत नाही.

चाचणीशिवाय दिलेली हमी

‘१०० टक्के शुद्ध रेशीम, गॅरंटीसह’ असे लिहिणाऱ्याने ते कशाच्या आधारावर लिहिले? विणकराने सांगितले म्हणून, की तपासून घेतले म्हणून? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूची कामगिरी, परिणामकारकता किंवा टिकाऊपणा यांविषयी पुरेशा चाचणीशिवाय दिलेली हमी ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते आणि चाचणी केली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावरच असते. माल शुद्ध असल्याचा खोटा दावाही याच कायद्याच्या कक्षेत येतो. रेशमासाठी सिल्क मार्कचे, म्हणजे शुद्ध रेशमाची खूण असलेले लेबल उपलब्ध आहे आणि ते घेणे शक्य असेल तर तोच मार्ग उत्तम. नाहीतर जेवढे खात्रीने माहीत आहे तेवढेच लिहावे: साडी कोणाकडून घेतली, हातमागाची आहे की यंत्रमागाची, तिच्यातली जरी कोणत्या प्रकारची आहे. पदराच्या मागच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो टाकावा. हातमागावरच्या अस्सल पैठणीची नक्षी मागूनही तशीच स्वच्छ दिसते, हे जाणकार ग्राहकाला माहीत असते आणि तो फोटो अनेक विशेषणांपेक्षा अधिक काम करतो.

मुदत चुकीच्या दिवसापासून मोजणे

ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण ती बहुतेकदा नकळत होते आणि चांगल्या हेतूने दिलेली हमी निरुपयोगी करते.

हापूसचे उदाहरण घेऊ. बागायतदार थेट ग्राहकाला पेटी पाठवतो, तेव्हा फळ बहुधा कडक असते आणि ते घरी अढीत पिकायला अनेक दिवस लागतात. हापूसला होणारा साका हा दोष तर बाहेरून दिसतच नाही. फळ सुंदर पिवळे होते, वासही दरवळतो आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर निघतो. अशा मालावर ‘पेटी मिळाल्यापासून २४ तासांत तक्रार करावी, नंतर ऐकली जाणार नाही’ अशी अट घातली, तर ज्या दोषासाठी ग्राहकाला हमी हवी आहे, तो दिसण्याआधीच हमी संपलेली असते. विक्रेत्याला ही अट सोयीची वाटते. ग्राहकाला मात्र फसवणूक वाटते आणि तिचे म्हणणे खरे असते.

येथे दोन दोष वेगळे करावे लागतात. वाहतुकीत दबलेली किंवा सडलेली फळे पेटी उघडताच दिसतात, म्हणून त्यांच्यासाठी एक-दोन दिवसांची मुदत पुरेशी आहे. साक्यासाठी मुदत फळ पिकण्याच्या काळाइतकी, म्हणजे दहा-बारा दिवसांची हवी आणि पुरावा म्हणून कापलेल्या फळाचा फोटो पुरेसा मानावा. भरपाईही मोजून सांगता येते: जेवढी फळे खराब निघाली तेवढ्यांचे पैसे परत, किंवा पुढच्या पेटीत तेवढी फळे जास्त, आणि यांपैकी काय हवे ते ग्राहकाने ठरवावे. एखादे फळ खराब निघाले म्हणून पूर्ण पेटीचे पैसे देण्याची गरज नाही आणि तशी अपेक्षा समंजस ग्राहक ठेवतही नाही.

हा नियम इतर मालालाही लागू आहे. दिवाळीसाठी सप्टेंबरात विकलेल्या कंदिलावर सात दिवसांची हमी दिली, तर कंदील पेटवून पाहण्यापूर्वीच ती हमी संपते. दोष कधी दिसेल याचा विचार आधी करावा आणि मुदत त्यानंतर ठरवावी.

गॅरंटी, वॉरंटी आणि परतावा यांची सरमिसळ

बोलण्यात आपण गॅरंटी म्हणजे बदलून मिळणार आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार असा भेद करतो. कायद्यात तो तसा लिहिलेला नाही. १८७२ च्या करार कायद्यातील हमीचा करार म्हणजे तिसऱ्या माणसाने फेड केली नाही तर त्याची जबाबदारी घेणे, म्हणजे आपण ज्याला जामीन राहणे म्हणतो ते. १९३० चा मालविक्री कायदा मुख्य शर्त (ती मोडली तर खरेदी रद्द करता येते) आणि दुय्यम वॉरंटी (ती मोडली तर फक्त भरपाई मागता येते) असा भेद करतो. या परिस्थितीत नुसता ‘गॅरंटी’ हा शब्द टाकून थांबले, तर दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचा अर्थ लावतात. काय होईल ते क्रियापदाने सांगावे: बदलून देऊ, दुरुस्त करून देऊ, पैसे परत करू, किती दिवसांत, आणि कुरिअरचा खर्च कोण देईल.

‘पैसे परत’ लिहून प्रत्यक्षात पुढच्या खरेदीचे कूपन देणे हा तर सरळ वचनभंग आहे.

मोठे वचन आणि बारीक अटी

लंडनमधील कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीने १८९१ मध्ये जाहिरात दिली होती की नाकात औषधी भुकटी ओढण्याचे आमचे साधन दिवसातून तीनदा, दोन आठवडे वापरूनही कोणाला इन्फ्लूएंझा झाला, तर १०० पौंड देऊ. वचन खरे वाटावे म्हणून बँकेत १,००० पौंड ठेवल्याचेही त्यात लिहिले होते. लुईसा कार्लिल या बाईंनी सांगितल्याप्रमाणे वापर केला, तरी त्यांना आजार झालाच. हे केवळ जाहिरातीतले बोलणे होते, असा बचाव कंपनीने केला. अपील न्यायालयाने तो फेटाळला. विश्वास बसावा म्हणून जोडलेली बँकेतील रक्कमच वचन गंभीरपणे दिल्याचा पुरावा ठरली. हा खटला भारतातही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. प्रत्येक ऑनलाइन विक्रेत्याने तो एकदा वाचावा, असे मला मनापासून वाटते.

मुख्य दावा मोठा आणि अटी पानाच्या तळाशी बारीक, हा मार्गही आता मोकळा नाही. २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसंबंधीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अस्वीकरणाची (डिस्क्लेमरची) भाषा आणि अक्षरांचा ठसा दाव्यासारखाच असावा लागतो. मराठीत हमी देऊन अटी इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते.

‘परत घेणार नाही’ लिहिले म्हणजे सुटलो, हा समज

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा निघालेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. पाकीट उघडतानाचा व्हिडिओ मागणे गैर नाही, पण ती अट पैसे घेण्यापूर्वी ठळकपणे सांगितलेली असावी; तक्रार आल्यावर ती काढणे अन्यायाचे आहे. व्हॉट्सॲप किंवा इन्स्टाग्रामवर घरून विकतो म्हणून नियम लागू नाहीत, असेही समजू नये. व्यवसाय म्हणून नियमितपणे विक्री होत असेल तर या नियमांतून सूट मिळत नाही. ग्राहकाने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करण्याची वेळ येण्यापूर्वीच उत्तर द्यावे.

हमी दिल्यावर परताव्यांचे प्रमाण वाढले तर

घाबरून हमी काढण्यापूर्वी हिशेब मांडावा. समजा, कुर्त्याची किंमत ९०० रुपये, मालाचा खर्च ६२०, पाठवणी ८० आणि नफा २०० आहे. पूर्वी महिन्याला १०० कुर्ते जात, म्हणजे नफा २०,००० रुपये. हमीनंतर ११५ गेले आणि ८ परत आले. टिकलेल्या १०७ कुर्त्यांचा नफा २१,४००. परतीच्या ८ कुर्त्यांवर जाण्यायेण्याचे प्रत्येकी १६० रुपये, म्हणजे १,२८० रुपये गेले. हाती राहिले २०,१२०. परत आलेल्यांपैकी दोन कुर्ते पुन्हा विकण्याजोगे नसतील, तर १,२४० रुपये आणखी वजा होऊन आकडा १८,८८० वर येतो.

आकडे असे निघाले, तर ते आठ कुर्ते का परत आले ते एकेक करून पाहावे. सहा जणींनी माप बसले नाही असे सांगितले असेल, तर दोष हमीचा नसून वर्णनाचा आहे. मीडियम, लार्ज या शब्दांऐवजी छाती, खांदा आणि लांबी इंचांत द्यावी. रंग वेगळा वाटला असेल, तर फोटो उन्हात, कोणतेही फिल्टर न लावता पुन्हा काढावेत. परताव्याचे कारण विचारताना मात्र ग्राहकाला उलटतपासणी होत असल्यासारखे वाटू देऊ नये. तसे वाटले, तर ती पुढच्या वेळी कारण सांगणार नाही आणि खरेदीही करणार नाही.

हमीच्या अटी बदलायच्याच असतील, तर नव्या मजकुरावर तो लागू होण्याची तारीख घालावी आणि जुन्या पानाची प्रत तारखेसह जपून ठेवावी. ज्यांनी जुना मजकूर वाचून पैसे दिले, त्यांच्या तक्रारी जुन्याच अटींनुसार सोडवाव्या लागतील, मग त्यात त्या महिन्याचा नफा गेला तरी.