मिडी ड्रम फाइल वापरताना आधी नोट-नंबर जुळवा

मिडी फाइलमध्ये आवाज साठवलेला नसतो. कोणत्या नंबरची नोट, कोणत्या क्षणी, किती जोरात वाजवायची, एवढीच नोंद तिच्यात असते. आवाज येतो तुमच्या ड्रम प्लगिनमधून, म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडलेल्या ड्रम वाजवणाऱ्या प्रोग्रॅममधून. फाइल टाकली आणि भलतेच काहीतरी वाजले, की लोक फाइलला दोष देतात. बहुतेक वेळा फाइल चांगली असते, फक्त जुळणी चुकलेली असते.

१. फाइल ट्रॅकवर आणा. ड्रम प्लगिनचा ट्रॅक उघडा आणि फाइल त्यावर ओढा. सॉफ्टवेअरने फाइलचा टेम्पो घ्यायचा का असे विचारले आणि गाण्याचा टेम्पो तुम्ही आधीच ठरवलेला असेल, तर ‘नको’ म्हणा. सुरुवातीला मोजणीचा बार (तालाचे एक माप) असेल तर कापा. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर (काडीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम) वेगवेगळ्या ट्रॅकवर पसरले असतील तर सगळे एकाच ट्रॅकवर एकत्र करा. असे का, ते पुढे हाय-हॅटच्या (पायाने उघड-बंद होणाऱ्या झांजांच्या जोडीच्या) वेळी कळेल.

२. नोट-नंबर जुळवा. सर्वांत जास्त वेळ इथे द्या. मीही याच टप्प्यावर बराच काळ अडखळत होतो, कारण मिळणारा सल्ला एकच असे: ‘सगळ्या नोटा एक सप्तक वर-खाली करून बघ.’ हा सल्ला ऐकू नका. मधला सी म्हणजे ६० नंबरची नोट. काही सॉफ्टवेअर तिला सी३ म्हणतात, काही सी४. त्यामुळे ३६ नंबरची किक एकीकडे सी१ दिसते, तर दुसरीकडे सी२. नाव बदलले तरी नंबर तोच असतो. नावावर विश्वासून सप्तक हलवले, तर बरोबर असलेली फाइलही बिघडते.

म्हणून नंबरच पाहा. १९९१ च्या जनरल मिडी मानकात किक ३६, साइड स्टिक (स्नेअरच्या कडेवर काडीचा ठोका) ३७, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२, पायाने दाबलेला ४४, उघडा ४६, क्रॅश (जोरदार ठोक्याची झांज) ४९ आणि राइड (सतत ताल धरणारी झांज) ५१ असे ठरलेले आहे. बऱ्याच फाइल हेच पाळतात, पण प्लगिनचा स्वतःचा नकाशा यापेक्षा वेगळा असू शकतो. पियानो रोलमध्ये (नोटा ओळींवर दाखवणाऱ्या खिडकीत) नोटा असलेली प्रत्येक ओळ एकेकदा वाजवून ऐका आणि कोणत्या नंबरवर काय वाजते ते कागदावर लिहा.

आता दुरुस्ती. फाइलमधल्या नोटा हाताने सरकवू नका, कारण त्याच संचातली पुढची फाइल टाकली की तेच काम पुन्हा करावे लागेल. प्लगिनच्या मॅपिंगमध्ये जनरल मिडीचा तयार नकाशा असेल तर तो निवडा. नसेल तर प्लगिनच्या आधी नोट बदलणारा मिडी इफेक्ट लावा आणि जुळणी प्रीसेट म्हणून जपून ठेवा.

हाय-हॅटकडे खास लक्ष द्या. इलेक्ट्रॉनिक ड्रमवर वाजवून घेतलेल्या फाइलमध्ये हॅट किती उघडा आहे हे बऱ्याचदा नोटेत नसते, चौथ्या नंबरच्या कंट्रोलर संदेशांत असते. फालतू डेटा समजून ते पुसले, किंवा तुमचे प्लगिन ते वाचतच नसेल, तर हॅट अखेरपर्यंत एकाच स्थितीत अडकतो. शिवाय बंद हॅट वाजताच उघड्या हॅटची गुंज थांबायला हवी. त्यासाठी दोन्ही नोटा एकाच प्लगिनमध्ये गेल्या पाहिजेत. मिक्सिंगसाठी किक, स्नेअर, हॅट वेगळे हवे असतील तर प्लगिनचे अनेक आउटपुट वापरा. प्रत्येक वाद्यासाठी प्लगिनची वेगळी प्रत उघडू नका.

३. जोर तपासा. व्हेलॉसिटी म्हणजे नोटेचा जोर, तो १ ते १२७ असतो. स्नेअरच्या हलक्या नोटा पूर्ण फटक्यासारख्या ऐकू येत असतील, तर नोटांना हात लावण्याआधी प्लगिनचा व्हेलॉसिटी कर्व्ह (कोणत्या जोराला किती मोठा आवाज, हे ठरवणारी रेषा) बदला. फाइल माणसाने वाजवलेली असेल तर क्वांटाइझ करू नका, म्हणजे नोटा तालाच्या नेमक्या जागी ओढू नका. अगदीच सैल वाटली तर ५०-६० टक्के, त्यापुढे नाही. यादृच्छिक फरक घालणारे बटण मला मुळीच पटत नाही. ड्रमरचे फटके कमी-जास्त होतात ते तालाच्या वजनाप्रमाणे. सम जोरात पडते, मधल्या जागा हलक्या. नशिबावर सोडलेले आकडे हे वजनच मोडतात.

४. गाण्यात मांडा. पॅटर्न पुन्हा पुन्हा लावताना पहिल्या ठोक्यावरचा क्रॅश पहिल्या फेरीतच ठेवा, पुढच्या फेऱ्यांतून काढा. फिल (एका भागातून दुसऱ्यात नेणारा छोटा ड्रमचा तुकडा) भागाच्या शेवटी टाका, आणि पुढच्या बारचा क्रॅश नुसता ठेवू नका, त्याच्याखाली किक हवीच.

५. ऑडिओत काढा. मिक्सिंगआधी ड्रम ऑडिओ करून घ्या. मिडी ट्रॅक पुसू नका, म्यूट करून ठेवा. गायकाला अंतरा दोन बार लांबवावासा वाटला, तर तोच ट्रॅक लागतो.